तेल्हारा मामा डॉट पीडीएफ

"मॅडम, माह्या नावावर दाबून पाहा," असं म्हणत त्या मुलीने मोबाइल माझ्या टेबलावर ठेवला.

स्क्रीनवर एक नोंद होती. मुलगी, मेघा, बी.एस्सी. नर्सिंग, दर्यापूर. खाली निळं बटन, 'बायोडाटा पाहा'. मी ते दाबलं. आतून गॉगल घातलेला, मोटरसायकलला टेकून उभा असलेला एक मिशीवाला गडी निघाला. शिक्षण आयटीआय. अपेक्षा, मुलगी गृहकृत्यदक्ष असावी.

"हा कोण?"

"माहा मावसभाऊ. राहुलदादा. त्याचं लगन होऊन आता पोट्टं रांगते."

मला फस्सकन हसू आलं. तिला आलेलं नाही, हे दिसल्यावर मी ते गिळलं आणि तिला खुर्ची दिली.

मी अमरावतीत राजापेठेजवळ एक छोटं ऑफिस चालवते. दुकानं, शाळा, मंगल कार्यालयं, ज्याला वेबसाइट पाहिजे त्याला ती बनवून देते आणि बनवलेली सांभाळते. मेघाने दाखवलेली साइट अकोल्याच्या एका वधू-वर परिचय समितीची होती. समितीचं नाव सांगत नाही, समाजाचंही नाही. ती मी बनवली नव्हती. ज्या मुलाने बनवली तो पुण्याला नोकरीला निघून गेला आणि साइट नुकतीच माझ्या गळ्यात पडली होती. पानाच्या तळाशी माझ्या ऑफिसचं नाव लागलं होतं. ते वाचून मेघा ड्यूटी संपल्यावर पत्ता शोधत आली होती. ती इथल्याच एका दवाखान्यात स्टाफ नर्स. दर्यापूरहून रोज बसने जाणं-येणं.

"तुम्हाला हे कधी कळलं?"

"आज. माह्या वॉर्डातली मैत्रीण भावासाठी स्थळं पाहून राहिली होती. ती मले म्हणे, काहून वं, तुह्या नावावर तं माणूस आहे."

मग तिने सगळं सांगितलं. साइटवर नाव टाकल्यापासून तिच्या आईला एकाही स्थळाचा फोन आला नव्हता. एकही नाही. बरोबरीच्या मुलींची लग्नं होत गेली. आईने आधी फोटो बदलायला लावला, मग पत्रिका दाखवली, मग शनिवार धरले. शेवटी ओळखीतून मूर्तिजापूरचं एक स्थळ आलं. कापडाचं दुकान, घर मोठं. अट एकच, मुलीने नोकरी सोडायची. मेघाला ते नको होतं. पण आईचं म्हणणं असं, की एवढ्या दिवसांत दुसऱ्या कोणी विचारलंच नाही, तर आता नखरे कशाच्या जोरावर करायचे? साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, तारीख काढायची बोलणी सुरू होती.

"मॅडम, मले लगनाची घाई नाई. पण कोणालेच नको म्हणून याले हो म्हणायचं, हे मले जमून नाई राहिलं."

मी तशी रागीट बाई आहे. माझा राग बहुतेक वेळा कॉम्प्युटरवर निघतो. त्या दिवशी मी त्याच रागात साइटचं फोल्डर उघडलं. फोल्डर म्हणजे साइटवर दिसणारे सगळे फोटो आणि कागद जिथे ठेवलेले असतात ती खोली समजा. त्या खोलीतली नावं वाचून मी चक्रावलेच.

telhara mama.pdf. daryapur mama.pdf. mama akot navin.pdf. paratwada kaka.pdf. balapur mama 2 barobar.pdf. फोटोंचंही तेच. telhara mama photo.jpg. जिथे मामा नव्हता तिथे व्हॉट्सअ‍ॅपने दिलेलं लांबलचक आकड्यांचं नाव तसंच ठेवलेलं. अख्ख्या फोल्डरमध्ये एका मुलीचं नाव नाही की मुलाचं नाही.

"हे काय आहे?" मी स्वतःशीच बोलले.

मेघा उठून माझ्या मागे आली. "तेल्हारा मामा म्हणजे आमचे वसंतमामा. माहा बायोडाटा त्यायनंच नेला होता अकोल्याले. राहुलदादाचाही त्यायनंच नेला होता, मागून."

झालं. गाठ सुटली. फोल्डरचा एक साधा नियम असतो. एका खोलीत एका नावाची एकच फाइल राहते. त्याच नावाची दुसरी आली, की पहिली जाते. पुष्कळ ठिकाणी कॉम्प्युटर विचारतो, 'जुनी काढून टाकू का?' ही साइट विचारत नव्हती. वसंतमामांनी आधी भाचीचा बायोडाटा आणला, तो 'तेल्हारा मामा' या नावाने चढला. पुढे भाच्याचा आणला, तोही 'तेल्हारा मामा' म्हणून चढला. मेघा पुसली गेली. तिची नोंद मात्र राहिली, त्याच नावाकडे बोट दाखवत. नोंदीत फोन नंबर नसतो, घरचा नंबर बायोडाट्यात असतो. आता बायोडाट्यात राहुलचा नंबर. मग मेघाच्या आईला फोन येणार कुठून?

आणखी नोंदी उघडून पाहिल्या. अकोटच्या एका मुलीच्या जागी दुसरीच मुलगी. बाळापूरच्या एका मुलाच्या जागी त्याची बहीण. साइटचा बॅकअप, म्हणजे जपून ठेवलेली प्रत, काढून पाहिली. तीही ताजीच निघाली, तिच्यात तोच घोळ.

समितीचे अध्यक्ष गावंडे साहेब, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर. त्यांना फोन लावला. ते म्हणाले, "मॅडम, येत्या रविवारी बैठक आहे. मेळावा त्याच्या पुढच्या रविवारी. या तुमी. साइट दुरुस्त करून द्या, बाकी चर्चा नंतर."

"साहेब, दुरुस्ती चर्चेतच आहे," मी म्हटलं. मेघाला सांगितलं, तू ये, आईला आण, आणि मामांना तर आणच.

रविवारी सकाळी अकोल्याची बस धरली. समितीचं ऑफिस म्हणजे एका मंगल कार्यालयाची बाजूची खोली. कॉम्प्युटरवर सारिका बसलेली. फाइली चढवण्याचं काम तिचंच. हुशार, चटपटीत मुलगी. माझ्या प्रश्नाचं तिला नवलच वाटलं.

"मॅडम, मामाचं नाव नाई टाकायचं तं कोणाचं टाकायचं? आणते कोण, मामाच ना?"

तिचं खरं होतं. या समाजात मुलीचा बाप बायोडाटा घेऊन दारोदार फिरत नाही. बाप फिरला तर घरात घाई झाली आहे, असा अर्थ निघतो. मुलीची आई माहेरी निरोप धाडते आणि मामा पिशवी उचलतो. परिचय मेळाव्यातही कोणी 'तुझं नाव काय' असं विचारत नाही. 'कोणाची भाची?' असं विचारतात. सारिकाला फाइलचं नाव दिसलं, की डोळ्यांसमोर मामाचा चेहरा येई, आणि चेहऱ्यामागून भाची. एका भाचीपुरतं ते चालत होतं. दुसरा भाचा आला तेव्हा बिघडलं.

"सारिका, कोणी तक्रार नव्हती केली?"

"एका मुलाचा फोन आला होता. अकोटचा होता. म्हणे, मुलीच्या नावावर मुलगा आहे. मी रजिस्टर पायलं. मेघा, आणणारे तेल्हारा मामा. साइटवर पायलं, तेल्हारा मामा. म्हटलं, बरोबरच तं आहे, पुन्हा नीट पाहा."

मी कपाळाला हात लावला. सारिकाही मग ओशाळून हसली.

गावंडे साहेबांनी चष्मा पुसला आणि निकाल देऊन टाकला. "सोपं आहे. नंबर टाका. आमच्या खात्यात सगळं नंबरवर चालत होतं. नोंदणी क्रमांक दोनशे चौदा, फाइल दोनशे चौदा."

"साहेब, घरी स्वयंपाकघरात डब्यांवर नंबर आहेत का?"

"ते आमच्या मंडळीले विचारा."

"नसतील. धने, तीळ, मेथी असंच लिहिलेलं असेल. उद्या दोनशे चौदाच्या जागी दोनशे पंधरा चढली, तर बाहेरून कोणाला कळणार? फाइलच्या नावातच 'मुलगी, मेघा' असं असतं, तर मोटरसायकलवाला गडी चढवताना सारिकाचा हात थांबला असता. नंबर पाहिजे, पण शेवटी. दोन मेघा आल्या तर त्यांची टक्कर होऊ नये म्हणून."

सारिका म्हणाली, "मग मराठीत लिवू? मले सोपं जाईन."

मी एक फाइल मराठी नावाने चढवली आणि तिची लिंक गावंडे साहेबांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली. लिंकमधली मराठी अक्षरं बरेचदा टक्क्यांच्या चिन्हांत आणि आकड्यांत बदलतात. साहेबांच्या मोबाइलवर चार ओळी भरून टक्केच टक्के आले. त्यांनी मोबाइल हातभर लांब धरला. "व्हायरस आहे का हा?"

"नाही साहेब, हे 'मुलगी मेघा दर्यापूर' आहे."

मराठी नाव तिथेच बारगळलं. मग फळ्यावर मी नमुना लिहिला: mulgi-megha-bsc-nursing-daryapur-214.pdf. सगळी अक्षरं लहान. दोन शब्दांमध्ये रिकामी जागा नाही, आडवी रेघ, कारण रिकाम्या जागेपाशी लिंक तुटू शकते. 'नवीन' नाही, 'फायनल' नाही, 'बरोबर' तर नाहीच. बरोबर असलेल्याला तसं लिहावं लागत नाही. फोटोचं नाव तेच, फक्त शेवटी photo. आडनाव आणि फोन नंबर फाइलच्या नावात टाकायचा नाही, कारण ते नाव सर्च करणाऱ्या परक्या माणसालाही सापडू शकतं. त्याच दमात मी बायोडाट्यांना लॉगिनही लावायचं ठरवलं. समितीने पासवर्ड दिलेल्यालाच ते उघडतील.

तेवढ्यात मेघा, तिची आई शोभाकाकू आणि वसंतमामा आले. मामा उंच, अंगाने सडसडीत, तेल्हाऱ्याकडे कपाशी करणारे. मी त्यांना काय झालं ते सांगितलं. त्यांनी फळा वाचला आणि मान हलवली.

"हे नाई जमणार, बाई. पोरीचं नाव असं लिंकीवर? हे इकडून तिकडे जाते, दहा लोक पाहतात. मामाचं नाव असू द्या. मामा काहून असते मग? पोरीचं नाव झाकाले."

समितीतल्या दोघा-तिघांनी माना डोलावल्या. गावंडे साहेबही डळमळले. "मॅडम, ते म्हणतात त्यात तथ्य आहे. रिवाज आहे आपला."

मी लॉगिनचं सांगितलं. नोंदीच्या पानावर मुलीचं नाव आधीपासून आहेच, हेही सांगितलं. पण मामांना ते पटत नव्हतं. रिवाजाशी भांडायला मी तिथली कोणी नव्हते. खरं सांगते, तिथे मला वाटलं, आता हे लोक नंबरावरच येऊन थांबणार.

मेघा दाराजवळ उभी होती. ती पुढे आली.

"मामा, तुमचं नाव होतं म्हणूनच राहुलदादा निघाला ना? माहं नाव एवढं झाकलं, का मीच कोणाले दिसली नाई." तिचा आवाज चढला नव्हता. "मी दिवसभर वॉर्डात असते. पेशंटच्या हाताले त्याच्या नावाची पट्टी बांधतो आमी. त्याले ज्यानं भरती केलं त्याच्या नावाची नाई बांधत. तशी बांधली तं एकाचं इंजेक्शन दुसऱ्याले जाईन. फाइल माही आहे, नाव माहं टाका. मले चालते."

मी इतकी वर्षं हे काम करते, क्लायंटला समजावण्यासाठी डबे, बरण्या, पत्ते सगळं वापरून झालं. हातावरची पट्टी मला कधी सुचली नव्हती.

शोभाकाकू मटकन खुर्चीवर बसल्या. "म्हणजे हिच्या पत्रिकेत काही नव्हतं? मी तं शनीले तेल वाहून राहिली होती."

"तेल वाया गेलं, आई," मेघा म्हणाली. काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यातच त्या हसल्याही. मला त्या बाईचा आधी फार राग आला होता. तो तिथल्या तिथे गेला.

मामा मात्र खाली पाहत होते. "माह्याच्यानं झालं म्हणा हे."

"मामा, तुम्ही दोन्ही बायोडाटे बरोबर पोचवले. नावं एक पडली, त्याला तुम्ही काय करणार?" मी म्हटलं. "आता एक काम करा. या फोल्डरमधले जितके मामा तुमच्या ओळखीचे आहेत, त्यांना फोन लावा. ज्यांच्या भाच्या हरवल्या, त्यांचे बायोडाटे परत मागवा."

मामांनी खिशातून मोबाइल काढला. पुढची सबंध दुपार त्यांचा दणदणीत आवाज त्या खोलीत घुमत होता. "हॅलो, अकोटवाले काय? तुमची भाची साइटवर हरपली. घाबरू नोका, मोबाइलातून पाठवा पुन्हा. अन् पोरीचं नाव लिहून पाठवा, तुमचं नोका लिहू!" मामा लोकांचं हे जाळं कोणत्याही सर्व्हरपेक्षा पक्कं निघालं. बहुतेकांच्या मोबाइलमध्ये मूळ फाइली जशाच्या तशा होत्या.

सारिकाने पहिली फाइल मेघाची चढवली. मी एक परीक्षा ठेवली होती. फाइल न उघडता, नुसतं नाव वाचून आत काय आहे ते सांगायचं. सांगता आलं तरच चढवायची. सारिका मोठ्याने वाची, गावंडे साहेब नोंदीशी ताडून 'पास' म्हणत. त्यांना त्यात इतकी गोडी लागली की जेवायला उठेनात. साइटलाही मी विचारायला शिकवलं. त्याच नावाची दुसरी फाइल आली, तर आता ती दारातच अडते.

निघताना शोभाकाकूंनी मला बाजूला घेतलं. "मूर्तिजापूरवाल्यायले मी मेळाव्यापर्यंत थांबवते. तेवढ्यात कोणाचा फोन आला तं ठीक. नाई आला तं मंग मी काय करू, बाई?"

फाइलचं नाव नीट केलं म्हणजे फोन येतोच, असं कोणत्याही पुस्तकात लिहिलेलं नाही. परतीच्या बसमध्ये मी तेवढाच विचार करत बसले.

दोन दिवस काही झालं नाही. मी दर तासाला मोबाइल पाहत होते, जणू माझंच स्थळ येणार होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी मेघाचा फोन आला.

"मॅडम, आईचा फोन आता चार्जिंगवरून निघून नाई राहिला. लोक म्हणतात, तुमची मुलगी साइटवर नवीनच दिसली. नवीन!"

"मग, कोणी बरं वाटलं का?"

"तिघायले नाई म्हटलं." हे सांगताना तिच्या आवाजात जी मजा होती, ती मी विसरणार नाही. ज्या मुलीला कोणी विचारत नव्हतं, ती आता नाही म्हणत होती, आणि तेही एकामागून एक.

मेळाव्याच्या आदल्या दिवशी शोभाकाकूंनी स्वतः मूर्तिजापूरला फोन लावला. मेघाने मला नंतर नक्कल करून दाखवली. "भाऊ, स्थळ तुमचं चांगलं आहे. पण आमची पोरगी नोकरी सोडत नाई. तिची नोकरी आमाले प्यारी आहे." आणि समोरच्याचं उत्तर ऐकायच्या आत फोन ठेवून दिला.

मेळाव्यात एक मुलगा मेघाच्या शेजारची खुर्ची ओढून बसला. अकोटचा, पंकज नाव, शाळेत शिक्षक. त्याने कोणाची भाची वगैरे काही विचारलं नाही.

"तुमचा बायोडाटा मी मागं एकदा उघडला होता," तो म्हणाला. "मोटरसायकल चांगली होती."

समितीत फोन करून तक्रार करणारा तो हाच. त्याला 'पुन्हा नीट पाहा' असं सांगण्यात आलं होतं. त्याने खरंच पुन्हा पाहिलं होतं, आणि पुन्हा राहुलदादाच दिसला होता. या खेपेला मेघा दिसली. मेघाने त्याला आधी नोकरीचं विचारलं, मग रात्रपाळीचं. तो म्हणाला, रात्रपाळी असली तर सकाळचा चहा माझ्याकडे. मेघा मला म्हणाली, "मॅडम, तो चहा कसा करते ते पाहूनच हो म्हणीन." पाहिला. चहा बरा होता म्हणे.

समितीची साइट आता नीट चालते. अकोटच्या त्या हरवलेल्या मुलीचंही जमलं. सारिकाने घरच्या फोटोंनाही नावं द्यायला घेतली आहेत. गावंडे साहेब प्रत्येक बैठकीत नव्या माणसांना फळ्यावरचा नमुना समजावून सांगतात. नंबरवाली कल्पना त्यांची होती, हे ते आता कोणाला सांगत नाहीत. मीही सांगत नाही, इथे लिहिलं तेवढंच.

माझ्या धंद्यात शिकलेली एक गोष्ट कोणाच्याही कामी येईल म्हणून सांगते. फाइलला नाव देताना ती कोणी आणली, कधी आणली, कितव्यांदा आणली, हे लिहू नये. आत काय आहे ते लिहावं. बाकी सगळं विसरलं तरी चालेल.

गेल्या महिन्यात एका अनोळखी नंबरवरून व्हॉट्सअ‍ॅपवर एक फाइल आली. वर ना नमस्कार, ना निरोप. फाइलचं नाव होतं megha-pankaj-lagna-patrika-daryapur.pdf. सगळी अक्षरं लहान, मधे आडव्या रेघा, कुठे रिकामी जागा नाही. खाली आणखी एक ओळ आली. "बाई, बरोबर लिवलं ना? वसंतमामा, तेल्हारा."

आत काय आहे ते नाव वाचूनच कळलं होतं. तरी मी उघडून पाहिली.